मागुराची कलेजी

मागूर मासा नर की मादी, हे मासे विकणाऱ्या धुरपताबाईनं पोटाखाली अंगठा फिरवून सांगितलं की मार्कंड्याच्या घाटावर त्यावर कोणी दुसरा शब्द काढत नसे. म्हणूनच चंद्रपूरच्या कॉलेजातली सीता, मासोळीच्या कलेजीवर पीएच.डी. करणारी पोरगी, तिच्याकडे आली होती. धुरपतानं निवडलेले वीस नर तिच्याच अंगणातल्या दोन टाक्यांत सोडले. वरच्या टाकीतल्या दहांना तीन दिवस मादीच्या रसाची, म्हणजे संप्रेरकाची, इंजेक्शनं, खालच्या दहांना नुसतं तेल.

पंधराव्या दिवशी सीतेनं खालच्या टाकीतला एक चिरला आणि सुरी खाली ठेवली. कलेजी लाल हवी होती; निघाली फुगलेली, फिकट पिवळी, अंड्यावरच्या मादीसारखी.

"बाई, मादी दिली का तुम्ही?"

"काय म्हनली? चाळीस वर्सं झाले चिरून राह्यली मी! अंडं दिसते का कुठी?"

अंडं नव्हतं. नरच होता. सीतेचा चेहरा उतरला. "मग माझं दोन वर्षांचं काम गेलं. नुसत्या तेलानंही कलेजी बदलते म्हटल्यावर रसाचं कोण मानणार? सोमवारी माझे गाईड सर येताहेत."

धुरपताचं नाव राहिलं होतं. ती गप्प बसू शकली असती. पण माशाचं फाटकं शेपूट तिनं ओळखलं.

"हे धूड वरच्या टाकीतलं होय," ती म्हणाली. "बारक्यायले कुरतडून राह्यलं होतं. म्हून चौथ्या दिवशी खाली मोठ्यायत टाकलं, अन् खालचा बारका वर नेला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मासोळ्या कशा ठेवाव्या हे तू शिकवशील मले?" आवाज चढला, पण नजर खालीच. "वर नेला तो मिशी तुटलेला आहे. त्याले चीर. त्याची कलेजी लालच निघन."

सीतेनं चिरला. लालच निघाली. त्याच टाकीतला दुसरा चिरला, त्याची मात्र फुगलेली, पिवळी.

"नराच्या कलेजीले अंड्याचं काम कोनं शिकवलं वं?"

"कलेजीत तो रस धरणाऱ्या जागा असतात, बाई. नरात थोड्या. रस पोचला की कलेजी आणखी जागा तयार करते, आणि अंड्यात भरायचा बलक बनवायला लागते."

"अंडं नसून?"

"नसून."

"लगन नाई अन् पंगतीचा सैपाक!" धुरपता हसली. मग वहीकडे बोट केलं. "लिहून टाक, मासे धुरपतानं हलवले. सरानं इचारलं तं मीच सांगन. अन् रस संपल्यावर कलेजी हे काम इसरते का?"

"माहीत नाही."

"मंग साऱ्यायले चिरू नोको. वरचे दोन ठेव जित्ते, पुढं पाहू. हात नाई लावत मी."