उजवं फूल का पडत नव्हतं

चिटगुप्प्याच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या मठात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. राघोबा महाराज काळ्या शिळेवर शेवंतीची दोन फुलं ओल्या बोटांनी चिकटवीत. उजवं आधी पडलं तर ऑपरेशन करा, डावं पडलं तर नको. डावंच पडे. मग अकरा गुरुवारांचं अनुष्ठान लागे, तेही मठातच.

आज पाळी हरिबाची होती. हृदयाची झडप.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"शंभरात नव्वद वाचतात म्हणला जी."

"तू शंभर हायस का रे?"

"न्हाई. एकलाच हाय."

"मग! शंभरांचं डॉक्टर बघतो, एकाचं देव बघतो."

लोकांनी माना डोलावल्या. हरिबाची शेजारीण जयंती, गणिताची शिक्षिका, दाराशी उभी होती. हेच वाक्य ऐकून तिचे वडील नरहरराव मागच्या वर्षी ऑपरेशन न करताच घरी परतले होते. अनुष्ठानाच्या सातव्या गुरुवारी गेले.

डावं फूल पडलं. हरिबाच्या बायकोनं, नागूबाईनं हात जोडले.

जयंती पुढे झाली. शिळेच्या उजव्या बाजूला मुंग्यांची रांग होती; डावीकडे एकही नव्हती. तिनं उजवं फूल उपटून देठाला जीभ लावली.

"गूळ आहे, महाराज."

"प्रसाद हाय तो!"

"डावीकडे कामून न्हाई मग?" मागच्या गर्दीतल्या कलाबाईनं विचारलं.

जयंतीनं शिळा धुतली, नवी फुलं साध्या पाण्यानं लावली आणि हरिबाचाच प्रश्न वीस वेळा विचारला. मंडळी कानडीत एक, दोन, तीन मोजू लागली: ओंदु, येरडु, मूरु. अकरा वेळा उजवं पडलं, नऊ वेळा डावं.

"देवाचं मन लईच बदलायलंय की," कलाबाई म्हणाली. महाराजांना तेवढ्यात शेजारच्या गावाहून तातडीचं बोलावणं आलं.

हरिबा मात्र हलला नाही. "जयंतीअक्का, फुलाचं कळलं. पर मी एकलाच की. नव्वदातला का दहातला?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, काका. डॉक्टरलाही नाही. नव्वद हा आकडा तुमच्या छातीत लिहिलेला नाही. तुमच्यासारख्या शंभरांचं काय झालं ते बघून आपण किती भरवसा धरायचा, त्याचं ते माप. ऑपरेशनाविना वर्ष काढणारे किती?"

"तीस म्हणला."

"मग आहे त्या मापानंच ठरवायचं. एकट्यासाठी वेगळं माप कुणाकडेच नाही."

"अन् दहात निघालो तर?"

"तरी आजचा हिशेब चुकला असं होणार नाही. पण काकूंच्या समोर मला उभं राहावं लागेल. राहीन."

हरिबा उठला. मग नागूबाईला म्हणाला, "ऊठ. दवाखान्याला जायचं. कलबुर्गीची बस निघायलीय."

जिथे नक्की कुणालाच ठाऊक नाही, तिथे मोजून पाहिलेल्यावर विसंबावं. आणि मला नक्की ठाऊक आहे असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, कसं?