मामंजींचा उजवा पाय

सुनेने सासऱ्याचं नाव घेऊ नये अशी आमच्या तळ्याकाठी रीत आहे, आणि मी ती अजून मोडलेली नाही. गाव त्यांना कुबातबेक म्हणतं. मी मामंजी म्हणते, तेही त्यांच्या माघारी. समोर हाक मारायची वेळच कधी येत नसे, कारण आमचं बोलणं चालायचं ते सासूबाईंच्या मार्फत. मी चुलीपाशी, ते सतरंजीवर, मध्ये दोन हातांचं अंतर, तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, चहात मीठ कमी आहे." सासूबाई माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या आणि मी मीठ घालायची; आमच्याकडे चहा खाराच पितात.

मामंजी जन्मभर सरकारी ट्रक चालवत होते. निवृत्तीनंतर जुनी जीप घेतली आणि तिला घोड्यासारखी राखली. पण जीपपेक्षाही त्यांचा जीव बुटांवर होता. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, नाडीला दुहेरी गाठ. घरात आले की बूट काढायचे, पण आत मऊ कातड्याचे गुडघ्यापर्यंतचे मोजे असायचेच. लग्न होऊन मला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि त्यांचं पाऊल मी एकदाही उघडं पाहिलं नव्हतं. पाहू नये असंच मला वाटायचं.

त्यांचं ठाम मत होतं की पायात धड जोडा नसेल तर माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये. सपाता घालून चालवणारा आज ना उद्या सपातेसकट ब्रेकखाली सापडणार, उंच टाचेच्या बाईने गाडीत बसावं पण मागे, आणि अनवाणी चालवणाऱ्याला तर परवानाच देऊ नये. नूरदौलत, म्हणजे माझा नवरा, रशियात कामाला जाण्याआधी मला कुरणावर गाडी शिकवत होता, तेव्हा माझ्या पायात रबरी चपला होत्या. हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. संध्याकाळी सासूबाईंमार्फत निरोप आला, की तिला सांग, चपला शेण काढायला असतात. दुसऱ्या दिवशी दाराशी माझ्या मापाचे बूट ठेवलेले होते.

या मताला गावात एकच माणूस उघड विरोध करायचा, तो म्हणजे शेजारचा एसेनकुल. तो तळ्यातली मासळी व्हॅनमधून पलीकडच्या शहरात न्यायचा. उन्हाळ्यात अनवाणी चालवायचा आणि हिवाळ्यात, तळं गोठल्यावर, बर्फावरूनही फक्त लोकरी मोज्यांवर. कुठलंही लग्न असो की बारसं, पोटात चार घास गेले की दोघांची जुंपायची.

"कुबातबेक, बायकोशी बोलताना मध्ये भिंत घालतोस का?" एसेनकुल विचारायचा. "मग गाडीशी बोलताना कशाला?"

"बायकोला गिअर नसतात."

"तुझ्या बायकोला नसतील. माझीला पाच आहेत, आणि मागे जायचा एकही नाही."

बायका किटलीआड तोंड लपवून हसायच्या. मामंजी हसायचे नाहीत. नाड्या पुन्हा घट्ट बांधायचे.

त्या वर्षी मार्च संपत आला तरी थंडी हटली नव्हती, आणि मग एकदम हटली. काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरावरचा बर्फ उतरला आणि त्याने तीन ठिकाणी रस्ता गाडून टाकला. बर्फावरची वाट तर गावाने आधीच बंद केली होती, खुणेच्या काठ्याही उपटून आणल्या होत्या. अशा दिवसांत आमचं गाव डबीत ठेवल्यासारखं होतं. दोन आठवडे कोणी येत नाही, कोणी जात नाही, आणि एरवी कोणाचं अडतही नाही.

मला दिवस भरायला अजून अवकाश होता. पण एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि पाठोपाठ रक्त जायला लागलं. नर्सबाई आल्या, पोटावर हात फिरवून पाहिला, आणि मग सासूबाईंना बाहेर नेऊन सांगितलं की मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं नाही. शहराच्या दवाखान्यात फोन लागला. ते म्हणाले, रस्ता नाही, आमची गाडी पलीकडच्या काठापर्यंत येईल, तिथवर तुम्ही आणा. जणू मध्ये तळं नव्हतंच.

एसेनकुल असता तर कोणी दुसरा विचारही केला नसता. पण तो पंधरवड्यापूर्वी घोड्यावरून पडला होता आणि त्याचा पाय मांडीपासून खाली प्लॅस्टरमध्ये होता. तरी बायकोच्या खांद्यावर टेकत आमच्या घरी आला. मी पडद्याआड होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्याने सांगितलं, की पहाटे निघा, रात्रीच्या थंडीने वरचा थर पुन्हा आवळलेला असतो. जीपची सगळी दारं उघडी बांधा, बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं. टपावर दोन फळ्या घ्या, कारण मधोमध भेग असणारच. गाडी चालते तशी बर्फाखाली पाण्याची लाट पुढे सरकत जाते. वेग वाढवलास तर ती काठाला आपटून उलटी येईल आणि खालून बर्फ फोडेल. थांबलास तर बर्फ वाकेल. तेव्हा हळू, आणि एकसारखं.

"आणि बूट काढ," तो म्हणाला.

मामंजींनी वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तुला जिंकायला म्हणत नाही, कुबातबेक. खाली गेलास तर बुटात पाणी भरेल आणि तेच तुला धरून ठेवतील. पण ते नंतरचं. आधी पेडल. बोटभर जास्त दाबलंस की लाट उठली. पायात वीट बांधून ते कळत नाही."

 मग मामंजींनी विचारलं, भेग साधारण कुठे असेल, आणि दोघं चहाच्या वाटीतल्या पाण्याने टेबलावर तळं काढत बसले.

पहाटे जीपमधली चालकाशेजारची बैठक काढून टाकलेली होती. तिथपासून मागपर्यंत गाद्या घातल्या होत्या. मला झोपवलं ते डोकं पुढे करून, कारण मागे पाय उंचावर ठेवायचे होते. सासूबाई माझ्या पायांशी बसल्या. गाव काठावर उभं होतं. एसेनकुल कुबड्यांवर पुढे झुकून बर्फाकडे बघत होता.

मामंजी स्टिअरिंगमागे बसले, आणि पाय बाहेर काढून नाड्या सोडायला लागले. बूट काढले, आतले कातडी मोजे काढले, सगळं एसेनकुलच्या बायकोच्या हातात दिलं आणि पाय आत घेतले.

माझं तोंड त्या पायांपासून हातभर अंतरावर होतं. वळायला जागा नव्हती. डावं पाऊल धड होतं. उजव्याला अंगठा होता, त्याच्याशेजारी एक बोट, आणि पुढे काहीच नाही, नुसती गुळगुळीत तांबूस कड, भाकरीचा तुकडा मोडल्यावर राहते तशी. मी घाईने डोळे मिटले. लाजेने की भीतीने, सांगता येत नाही.

जीप काठावरून खाली उतरली. चाकांखालचा खडखडाट थांबला आणि इतकं शांत झालं की मला वाटलं आपण बुडालोच. मग बर्फ बोलायला लागला. आधी खूप लांबून, कोणीतरी ताणलेली तार सोडावी तसा एक सूर आला, आमच्या खालून सरकत गेला आणि समोरच्या डोंगरापर्यंत जाऊन विझला. मागून दुसरा आला, जाड, पोटात घुमणारा. उघड्या दारातून वारा आत येत होता. सासूबाई मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होत्या, पण प्रत्येक सुराला त्यांचे शब्द अडखळत.

"पोरी."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले असा तो पहिला शब्द. मी डोळे उघडले.

"डोळे मिटू नकोस. इथे बघ, माझ्या पायाकडे. जोवर हा हलत नाही तोवर सगळं ठीक आहे असं समज."

मग मी बघत राहिले. काय बघितलं ते मी कितीदा सांगायचा प्रयत्न केला आहे. गाडी हलत होती, हादरत होती, माझ्या कळा येत होत्या नि ओसरत होत्या, आणि ते मोडकं पाऊल पेडलवर टेकलेलं होतं, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर आई हात ठेवते तसं. दाबत नव्हतं आणि सोडतही नव्हतं. चाक खळग्यात गेलं की अंगठ्यामागची शीर थोडी उमटायची, चाक वर आलं की मावळायची, आणि इंजिनाचा आवाज केसभरही बदलत नव्हता. कातडी आधी लाल झाली, मग पांढरी. मी कळ आली की त्या शिरेकडे बघायची, आणि कळ जाईपर्यंत तिथेच राहायची. मला वाटायला लागलं की अख्खं तळं त्या दोन बोटांवर तोललेलं आहे.

उजाडलं तसं दारातून बाहेर दिसायला लागलं. बर्फावर वितळलेलं पाणी साचून पुन्हा पातळ गोठलं होतं, आणि त्यात सगळं आकाश उतरलं होतं. डोंगर आमच्या वर होते आणि खालीही. मध्ये कुठे कुठे बर्फ स्वच्छ होता, काळा, आणि त्यात पांढरे बुडबुडे थरावर थर थांबलेले, खाली खाली, दिसेनासे होईपर्यंत. मी आयुष्यभर त्या तळ्याचं पाणी प्याले होते. ते इतकं मोठं आहे, आणि त्याला आमची काहीच खबर नाही, हे मला त्या पहाटे कळलं. भीती होतीच, पण भीतीच्या वर काहीतरी होतं. मशिदीत पहिल्यांदा मान वर करून घुमटात बघितलं होतं तेव्हा असं झालं होतं.

भेग मधोमध होती. मामंजींनी जीप तिच्यापासून बरीच अलीकडे थांबवली आणि खाली उतरले. एसेनकुलने थांबू नको म्हटलं होतं, पण इलाज नव्हता. ते अनवाणी भेगेच्या कडेने चालत गेले, मध्येच थांबत, एका पायावर भार देऊन बघत. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तिकडे पाणी आहे." त्यांनी मागे न बघता हात केला. एका जागी भेग अरुंद होती. तिथे फळ्या टाकल्या, सासूबाईंना पलीकडे चालवत नेलं आणि परत आले. तोवर जीपखाली बर्फ बारीक तडतडत होता, तव्यावर मीठ पडल्यासारखा.

ते आत बसले तेव्हा पावलांवरून पाणी ठिबकत होतं आणि पाय थरथरत होते. मी पाहिलं, पाय थरथरताना पाहिलं, आणि माझा धीर सुटला. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी उजवा पाय हाताने धरला, दोनदा जोरात चोळला, आणि पेडलवर ठेवला. तो पुन्हा स्थिर झाला. चाकं फळ्यांवर चढली, उतरली. मागे काहीतरी मोठ्याने तुटल्याचा आवाज आला. सासूबाई चालत्या गाडीत मागून चढल्या, त्या वयात, आणि आम्ही कोणीच मागे वळून बघितलं नाही.

पलीकडच्या काठाशी बर्फ सुटलेला होता. काठ आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा होता, आणि त्यापलीकडे दवाखान्याची गाडी, दोन माणसं हात हलवत. मामंजी म्हणाले, "धरून बसा," आणि त्या सबंध प्रवासात पहिल्यांदा ते पाऊल खाली गेलं. बर्फ पुढच्या चाकांखाली मोडला, जीप तोंडावर आपटली, पाणी आत आलं आणि त्यांचे पाय घोट्याच्या वर बुडाले. इंजिन खोकलं. मग चाकांना खालचे गोटे लागले आणि आम्ही वर आलो.

मुलगी झाली, पोट कापून, पण धडधाकट. मामंजी त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर पाय गुंडाळून पडले होते. उरलेली सगळी बोटं वाचली. डॉक्टरांनी विचारलं, अनवाणी का, तर म्हणाले गरम होत होतं.

त्या बोटांची हकीकत सासूबाईंनी मला तिथेच सांगितली. नुकतं लग्न झालं होतं तेव्हा मामंजींनी शहरातून टोकदार चकचकीत जोडा आणला होता, सिनेमातल्यासारखा, आणि तोच घालून पीठ घेऊन घाटावर गेले. ट्रक बर्फात रुतला. सकाळी लोकांनी काढलं तेव्हा जोडा कापूनच काढावा लागला. "बोटं गेली त्याचं त्यांना काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "लाज त्या जोड्याची वाटते. ते कोणालाच सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस." मी बरीच वर्षं सांगितलं नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही परत निघालो. मामंजींनी शहरातून नवे बूट घेतले होते, आणि स्टिअरिंगमागे बसताना पुन्हा माझ्याकडे न बघता बसले. बाळ माझ्या मांडीवर होतं. शेवटचं वळण घेतलं आणि तळं समोर आलं. बर्फाचा मागमूस नव्हता. काठापासून काठापर्यंत निळं पाणी, त्यावर वारा, लाटा गोट्यांवर येऊन फुटत होत्या आणि मधोमध रानबदकांचा मोठा थवा डोलत होता.

मामंजींनी जीप थांबवली. सासूबाई खाली उतरून पाण्यापाशी गेल्या. बराच वेळ त्या बदकांकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ओढणीआडून नान-रोटीचा एक तुकडा काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला. त्या प्रार्थना म्हणत नव्हत्या. "इथून आलो," त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "ह्याच्यावरून आलो."