डबीची टिक

आमचे हे सोफे शिवणारे. स्प्रिंगवर टिचकी मारून कुठली सैल झालीय ते सांगायचे. आजारात नजर गेली, कान मात्र तिखट राहिले, आणि त्या कानांनीच घात केला असता.

डॉक्टरबाईंनी ह्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे नखाहून लहान पट्टी बसवली होती. चष्म्यातला कॅमेरा जे टिपेल, त्याप्रमाणे ती पडद्यावर रसायनाचे सूक्ष्म थेंब सोडायची. विजेचा झटका नाही, तर पेशी एकमेकींशी ज्याने बोलतात तेच रसायन. ते कानामागच्या डबीतून यायचं. डबीला दोन कप्पे, डावीकडच्या उजेडाला डावा आणि उजवीकडच्याला उजवा.

आज शेवटची चाचणी. जमलं तर पट्टी राहणार, नाहीतर काढणार.

"उजेड कुठे?"

"डावीकडे. आता उजवीकडे. परत डावीकडे."

एकही चूक नाही. सगळे खूश, माझं लक्ष मात्र ह्यांच्या मानेकडे. उत्तराआधी ह्यांची मान किंचित कलत होती, स्प्रिंग ऐकताना कलायची तशी. थेंब सोडताना डबीचा तो तो कप्पा बारीक टिक करायचा, आणि हा माणूस ती टिक ऐकून उत्तरं देत होता.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण असलं सोंग घेऊन जन्मभर नांदायचं कुणी?

"बाई, हे कानांनी पास होतायत."

"घरभेदी कुठली," हे पुटपुटले. "ती पट्टी काढतील ना गं."

बाईंनी ह्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, आत मोठी खरखर लावली. खांद्यावर बाईंचा हात पडला की उत्तर द्यायचं.

हात पडला. हे गप्प. पुन्हा पडला, तरी गप्प. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं वाटून मी दाराकडे वळले.

"थांबा," हे केवढ्यांदा तरी बोलले. "धुरकट आहे काहीतरी. डावीकडे."

बरोबर होतं. पुढचंही बरोबर, त्याच्या पुढचंही. इतके दिवस कानांनीच सगळं काम उरकलं होतं. ते बंद झाल्यावर डोळ्यांना हातपाय हलवावे लागले.

मी उजेड येणाऱ्या दारात उभी राहून रडत होते. हेडफोन कानांवर तसेच ठेवून ह्यांनी आपणहून खुर्ची वळवली.

"दारात कुणीतरी आहे. कमरेवर हात ठेवून. अगं, एवढी रागावलीस?"

मी नुसते हात खाली सोडले.

"हां," हे म्हणाले, "आता सोडले."