लाल अंड्यांची हंडी

मी हंडी बोलतेय. पितळेची, पोटानं मोठी, गळ्याशी अरुंद, आणि आत्ता रागानं लाल झालेली. लाल मी दर वर्षीच होते, पण ती कांद्याच्या सालींनी. या वर्षीचा लाल वेगळा आहे.

एवढं मोठं तोंड असून मी जन्मभर ते उघडलं नाही. जे पोटात घातलं ते मुकाट्यानं शिजवलं. आता मात्र मावत नाही, म्हणून सांगते. ऐकायचं तर नीट ऐका, मधे मधे मोबाइल बघू नका. या भानगडीचं मूळ त्या मोबाइलातच आहे.

मला दोन भावांनी घडवलं. एक ओतारी, दुसरा तांबट. त्यांच्या अंगणात मोडीचा ढीग होता. फुटक्या घागरी, दारांच्या कड्या, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू, आणि तीन जुने दिवे. ते दिवे कुठल्याशा पडक्या देवळातले. त्या देवळातला देव कोण होता, हे गावात कुणालाही आठवत नव्हतं. सगळं एकाच भट्टीत गेलं. रस झाल्यावर दिवा कुठला आणि कडी कुठली, ते भट्टीलाही सांगता येईना. अर्ध्या रसाची ओताऱ्यानं घंटा ओतली. उरलेल्या रसाचा चपटा तवा झाला, आणि तांबटानं तो ठोकून ठोकून माझं पोट काढलं. हातोडीच्या खुणा अजून आहेत. घंटा गेली चर्चच्या मनोऱ्यात, मी गेले चर्चमागच्या घरात, नव्या सुनेबरोबर.

ती सून म्हणजेच आताची आजी. कोंबड्या पाळायची, म्हणून लोक तिला कोंबड्यावाली म्हणायचे. पुढे केस पांढरे झाले तशी ती सगळ्या गल्लीची आजी झाली. तिला अक्षर येत नाही. पण कुठली कोंबडी कधी खुडूक बसली, कुणाच्या बारशाला पाऊस आला, सगळं तोंडपाठ.

आता अंडी कुठून आली, ते मला विचारा. मी तिथे होते.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवास. घरात मटण नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. माणसांनी नेम केला, पण कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या रोज अंडी देतच राहिल्या. पहिल्या आठवड्यांची अंडी आजीची सासू खुडूक कोंबड्यांखाली ठेवायची, त्यांची पिल्लं व्हायची. पुढची राखेत पुरून जपायची. शेवटच्या पंधरवड्याची मात्र उकडायची. उकडलेली आणि कच्ची मिसळू नयेत म्हणून उकडलेल्यांना रंग. रंग लाल का? कारण शेजारच्या खानावळीतून कांद्याच्या साली फुकट मिळायच्या! एवढंच. सासूबाईंना कुठल्या देवीचं स्वप्न पडलं नव्हतं.

अर्थ मागून आला, आणि तो आजीनं आणला. तिचं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं, त्या वर्षी. ईस्टरच्या पहाटे, येशू थडग्यातून उठला त्या पहाटे, ती अंड्यांची टोपली घेऊन चर्चच्या पायरीवर उभी राहिली. एका पोराच्या हातात अंडं देऊन म्हणाली, "फोड थडगं! आत कोण आहे बघ!" पोरानं पायरीवर अंडं आपटलं. लाल कवच फुटलं, आतून पांढरंशुभ्र निघालं, आणि पोर हसलं. आजीही हसली. ती त्या वर्षात पहिल्यांदा हसली होती, हे चुलीशेजारी बसणाऱ्या मला बरोबर माहीत आहे.

तेव्हापासून दर ईस्टरला तेच. गल्लीतलं प्रत्येक घर उपवासभर आपल्या कोंबड्यांची अंडी चर्चच्या मागच्या दाराशी आणून ठेवायचं. आजी ती घरी न्यायची. आधी माझ्यात गार पाणी, एकेक अंडं सोडून बघायचं. बुडालं ते ताजं, तरंगलं ते वाईट. वाईट ते लगेच लांब खड्ड्यात. मग साली, चमचाभर व्हिनेगर, मंद आच. घाई केली की अंडी तडकतात. शेवटी तेलाचं बोट फिरवून चकाकी. चर्चमध्ये तिला कधी कुणी बायबलातलं वचन वाचायला उभं केलं नाही, वाचता येत नाही म्हणून. "फोड थडगं" हेच तिचं वचन, आणि ती पायरी हीच तिची जागा. वर्षातून एक पहाट. एवढंच तिचं होतं, आणि तेवढंच काढून घेतलं.

कुणी? तिच्याच धाकट्या मुलानं. माझ्यातली अंडी खाऊन दोन हात वाढला तो. मोबाइलच्या दुकानात बसतो, दिवसभर कानात त्या दोऱ्या. उपवास सुरू झाला त्याच आठवड्यात एक दिवस स्वयंपाकघरात आला, मोबाइल आजीच्या नाकासमोर धरला.

"आई, हे बघ. ईस्टरचं अंडं, ईस्टरचा ससा, सगळं एका देवीचं आहे. ख्रिस्ती धर्म यायच्या आधीची पूजा ही. आपण फसलोय."

"कुठली देवी?" आजी साली निवडत होती.

"जुनी. वसंताची."

"आपल्याकडे कधी आली होती?"

"आई, थट्टा नको. हे मूर्तिपूजन आहे."

"अरे बाबा, मी अंड्याला नमस्कार करते का? मी ते उकडते!"

तो ऐकेना. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळींपुढे उभा राहिला आणि बोलला तासभर. मी तिथे नव्हते, पण आजीच्या सुनेनं घरी येऊन माझ्यासमोरच सगळं सांगितलं, प्रत्येकाच्या आवाजात. ती नक्कल अशी करते की माणूस समोर उभं राहतं.

निवृत्त पोस्टमास्तर म्हणे खवळून उठले. "मग नाताळचं झाडही काढा!"

धाकट्यानं वहीत लिहिलं, "झाड."

"मेणबत्त्या पण काढा!"

"मेणबत्त्या," धाकटा लिहीत म्हणाला.

"अहो, मी टोमणा मारतोय! रविवार कुणाचा? सूर्याचा! मग उपासना उद्या सोमवारी करा!"

"सोमवार चंद्राचा," मागून कुणीतरी बोललं, आणि सगळे हसले. पोस्टमास्तरांनी मग उलटा सूर लावला, की अंडं पहिल्या दिवसापासून आपलंच, प्रेषितांनी स्वतः रंगवलं होतं. यांना तरी कुणी सांगितलं? दोघेही कांदे नाकानं सोलणारे. साली निवडणारी बाई तिसऱ्या बाकावर बसली होती. तिला एकानंही विचारलं नाही, की बाई, तू हे का करतेस?

आणि पाळक, चर्चचा धर्मगुरू! माझा खरा राग त्याच्यावर आहे. तरुण माणूस, चार बुकं वाचलेला. मंडळींत म्हणाला, "वाद नको. यंदा अंडी राहू द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला, बोटं मोडत.

"आजी, खरं सांगू? त्या देवीबद्दल एका जुन्या साधूनं दोन-चार ओळी लिहून ठेवल्यात, त्यातही अंड्याचं नाव नाही. बाकी सगळं लोकांनी मागून रचलंय. काही चाली जुन्या असतीलही, कोण नाही म्हणतो? पण तुमची अंडी उपवासातूनच आलेली."

आजीनं त्याच्याकडे बघितलं. "मग काल तोंडात काय गुळणी धरली होती, पाळकसाहेब?"

तो स्टुलावरून उठला. चहा अर्धा टाकून गेला. ज्याला माहीत नाही तो बडबडला, त्याचं मी एक वेळ समजू शकते. ज्याला माहीत होतं त्यानं गप्प बसून मजा बघितली. अंडं पाण्यात टाकून कळतं. माणसाचं तसं करता येत नाही, नाहीतर तो भरल्या हंडीत वर तरंगला असता.

त्याच आठवड्यात धाकट्यानं मला उचललं. आजी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. चर्चसमोरच भंगाराचं दुकान आहे, तिथे मला टेकवलं आणि म्हणाला, "ही विकू नका हं. वितळवा." जणू माझ्या पोटात साप होता. भंगारवाल्यानं मला सायकलच्या चाकांवर ठेवलं. संध्याकाळी आजी शोधत आली, मला बघितलं, पदरानं माझा गळा पुसला आणि परत गेली. नेलं नाही. "तो मोठा झालाय," एवढंच भंगारवाल्याला म्हणाली. तो मोठा झालाय म्हणे!

आता त्या शहाण्यांची चूक ऐका. अंडी बंद केली, पण कोंबड्यांना कुणी कळवलं? गल्लीतल्या बायकांना वर्षानुवर्षांची सवय. रोज सकाळी टोपल्या चर्चच्या मागच्या दाराशी येतच राहिल्या. धाकट्यानं काय करावं? आजीच्या हाती पडू नयेत म्हणून टोपल्या उचलून चर्चमधल्या मागच्या कपाटात ठेवल्या, आणि कुलूप लावलं. "सणानंतर बघू." वर पत्रा, कपाटाला फट नाही, दिवस उन्हाचे. राखेत पुरली नाहीत, पाण्यात टाकून बघितली नाहीत. ताजी, शिळी, पिल्लू धरलेली, तडा गेलेली, सगळी एकत्र, चाळीस दिवस.

ईस्टरची पहाट झाली. घंटा वाजली. घंटा वाजली की माझ्या अंगात बारीक झणझण होते, भंगारात पडल्यापासून तर ती जास्तच जाणवते. एकाच भट्टीतल्या आम्ही. दोर कोण ओढत होतं? धाकटाच. छाती काढून.

आजी चर्चमध्ये गेली नाही. हातात एक टोपली आणि सालींची पिशवी घेऊन थेट भंगाराच्या दुकानी आली.

"वितळवलीस का रे?"

"नाही आजी, भट्टी सणानंतर पेटते. न्या तुमची तुम्ही."

"घेऊन जाते घरी. पायरीवर नाही उभी राहणार, पण उकडणार तर आहेच."

एवढ्यात समोर चर्चमधून आवाज आला. फट्! मग आणखी एक, आणि मग एकामागून एक. नासलेलं अंडं फुटतं तेव्हा काय होतं हे ज्यानं हुंगलंय त्यालाच माहीत. गाणं मधेच थांबलं. दारं धाडकन उघडली. आधी पोरं बाहेर, मग बायका, मग नाकाला रुमाल लावलेले मंडळींचे सभासद. सगळ्यात शेवटी पोस्टमास्तर, खोकत खोकत: "ही कुठल्या देवीची पूजा म्हणायची?"

मी हसले नाही. एवढी अंडी! एकेक कोंबडीच्या पोटातून आलेली, एकेका बाईनं आपल्या पोराच्या तोंडचं राखून आणून ठेवलेली. सगळी नासली. कशासाठी? आपण बरोबर आहोत हे दाखवण्यासाठी.

आजीनं टोपली खाली ठेवली. भंगारवाल्याला म्हणाली, "चहाची चूल आहे ना तुझी? पेटव."

ती तिथेच बसली, लोखंडाच्या ढिगाशेजारी, सणाच्या कपड्यांत. माझ्यात गार पाणी घातलं. टोपलीतून एकेक अंडं सोडलं, घरच्या कोंबड्यांची, राखेत जपलेली. सगळी बुडाली. मग साली, मंद आच. पोरं रस्ता ओलांडून आली आणि जुन्या टायरांवर रांगेनं बसली. कुणी त्यांना अडवलं नाही, अडवायला कुणी मोकळंच नव्हतं. समोर धाकटा आणि पाळक नाक दाबून टोपल्या बाहेर काढत होते, लांब खड्ड्यात नेऊन पुरत होते.

अंडी निघाली, चांगली लाल. आजीनं तेलाचं बोट फिरवलं. पहिल्या पोराच्या हातात दिलं, आणि तिला उठवेना म्हणून बसल्या बसल्याच म्हणाली, "फोड थडगं!" पोरानं ते मोडक्या तराजूवर आपटलं.

धाकटा आला तेव्हा तीनच उरली होती. अंगाला वास येत होता.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"परत धू."

त्यानं परत धुतले. आजीनं अंडं पुढे केलं. तो ते घेऊन उभा. इतक्या वर्षांचा घोडा, पण चेहरा चार वर्षांच्या पोराचा.

"आई, पण ती देवी..."

"आली तर तिलाही एक देईन," आजी म्हणाली. "भुकेलेली असेल बिचारी, एवढी जुनी आहे तर. फोड आता."

त्यानं फोडलं. खाल्लंही. आजीनं माफ केलं. ती आई आहे, करणारच. मी केलेलं नाही. माझ्या बुडाची काजळी घासून निघते, हा राग नाही निघत.

मी अजून भंगाराच्याच दुकानात आहे, पण आता पुढच्या फळीवर. आजीनंच सांगितलं, "राहू दे इथेच, पुढच्या वर्षी इथेच उकडू." मंडळींनी बंदी उठवलेली नाही. पाळक परवा आला होता, माझ्याकडे बघून गेला. धाकट्याची वही अजून खिशात आहे म्हणतात.

तर ऐका, वहीवाले हो. मी खरंच त्या तीन दिव्यांपासून झाले आहे. नावगाव विसरलेल्या देवाचे दिवे माझ्या पोटात आहेत, मी लपवत नाही. वितळवायचं तर खुशाल वितळवा. पण आधी मनोऱ्यावर चढा आणि माझ्याच भट्टीतली ती घंटा खाली उतरवा, जिचा दोर तुम्ही छाती काढून ओढता. आहे धमक?

नसेल तर मुकाट्यानं चूल पेटवा. कोंबड्या उद्याही अंडी देणारच आहेत.