मापाच्या वहीतलं ‘थांब’

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौथ्या गाण्याचं ध्वनिमुद्रण थांबलं. यंत्रात काही बिघडलं नव्हतं. काचेपलीकडे बसलेल्या बाईंनी हात वर केला होता, इतकंच.

या बाई म्हणजे ती गाणी लिहिणाऱ्याची मुलगी. वय एक्कावन्न, नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्याची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून हाताला खोडच लागली होती. चूक दिसली की हात आपोआप वर जायचा. आजही त्या त्याच कामासाठी आल्या होत्या. गाण्यांसोबत शब्दांची एक छोटी पुस्तिका निघणार होती, तिचं प्रूफ त्यांच्या मांडीवर होतं. वडिलांचे शब्द नव्या चालीत त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

वडील शिंपी होते. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवता शिवता गाणी रचायची आणि शिवता शिवताच म्हणायची, ही त्यांची रीत. कुणी नीट बसून म्हणा म्हटलं, की “हात रिकामा असला की माझं तोंड चालत नाही,” म्हणून कात्री उचलत. त्यांचा आवाज कुठंच टिपलेला नाही. ते जाऊन आठ वर्षं झाली, चालीही त्यांच्याबरोबर गेल्या. मागं राहिल्या मापाच्या सहा वह्या. गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही, आणि त्याच पानावर उरलेल्या जागेत गाणं. अशी अकरा गाणी.

त्या वह्या दोघांनी मागून नेल्या. एक गायिका आणि एक गिटारवाला, ज्याला उंचीमुळे सगळे लंबू म्हणतात. चाली दोघांनी मिळून बांधल्या. गाण्यांच्या डोक्यावरचे आकडे म्हणजे मास्तरांचा ताल असणार, असं समजून लंबूनं सुरुवातीला दोन दिवस डोकं फोडलं होतं. ‘पावणेपंधरा’ ही कॉलर आहे, असं गायिकेनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तरीच. म्हटलं, हे गळ्याशी का येतंय.”

आता गायिकेनं हेडफोन उतरवले. “काय झालं ताई? सूर लागला नाही का?”

“सूर छान आहे. शब्द चुकलाय.”

“शब्द वहीत आहेत तसेच घेतलेत,” लंबू म्हणाला. “एक काना इकडचा तिकडे केलेला नाही.”

“तेच चुकलं.”

त्यांनी प्रूफ काचेला लावलं आणि पेन्सिलीनं दाखवलं.

निघालास तर दार ओढून घे,
वारा आत येईल.
थांब.
दिवा काही मी विझवणार नाही,
जळेल तोवर राहील.
थांब.

वाट विचारत बसू नकोस,
पाऊल घेऊन जाईल.
थांब.
कोट राहिला खुंटीवर,
कुणाला तरी होईल.
थांब.

“हे थांब गाण्यातलं नाही,” बाई म्हणाल्या. “ते मला म्हटलेलं आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांच्या दातांत टाचण्या, पाय मशीनवर. लिहायला हात कुठून आणणार? म्हणून मुलगी कापड बेतायच्या फळीच्या टोकाला वही घेऊन बसायची. दोरा तुटला, बॉबिन संपली, कापड फिरवायचं असलं, की ते म्हणायचे, थांब. आठ वर्षांची असताना तिनं एक शब्द नको वाटला म्हणून गाळला होता. त्यावर बोलणी बसली होती: “मी म्हणेन ते लिही. तुझं डोकं चालवू नकोस.” त्या दिवसापासून तिनं डोकं चालवलं नाही. कानावर येईल ते सगळं कागदावर.

“पहिल्या वहीत ‘थांब, दोरा तुटला’ असं आहे,” गायिका म्हणाली. “ते वाचून आम्ही हसलो आणि सोडून दिलं.”

“इथं मी दोरा लिहिला नाही, म्हणून तुम्ही फसलात.”

लंबूनं गिटार खाली ठेवली. प्रत्येक ‘थांब’शी तो वाजवणं बंद करायचा. गायिका तो शब्द एकटीनं, जवळजवळ बोलल्यासारखा घ्यायची. सगळं गाणं त्या चार थांब्यांवर तोललेलं होतं.

“ताई, हे काढलं तर गाणं उलटं होतं,” गायिका म्हणाली. “जा म्हणणारा माणूसच उरतो.”

“ते तसेच होते,” बाई म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाबद्दल बोलतोय.

पानाच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या मापाखाली तारीख होती. ती त्यांचा थोरला भाऊ, दादा, घर सोडून गेल्यानंतरची, अकरा दिवसांनंतरची. दादा एकोणीस वर्षांचा होता, बाई बारा. मशीनवर बसणार नाही, असं त्यानं बजावलं होतं आणि मास्तरांनी कोटाच्या अस्तरावरून नजर उचलली नव्हती. पुढं एकोणचाळीस वर्षं आई एकच म्हणत आली: एक शब्द बोलायचा होता यांनी, एकच. दादा परत आला नाही. दोन-तीन वर्षांतून एखादा फोन. मास्तर गेले तेव्हाही फोनच.

आठ दिवसांपूर्वी गायिकेनं तालमीचं गाणं आईच्या फोनवर पाठवलं होतं. बाई कामावरून आल्या तेव्हा आई फोन कानाला लावून बसली होती. “म्हणाले ना शेवटी हे,” एवढंच म्हणाली. आई हल्ली असं अर्धवट बोलते, म्हणून बाईंनी पुढं विचारलं नव्हतं.

आता त्याचा अर्थ लागला, तशा त्या बाहेर आल्या आणि घरी फोन लावला.

“आई, ते गाणं तू दादाला पाठवलंस?”

“मग काय शेजारणीला पाठवू?”

“काय म्हणाला?”

“तिकिटं बघतो म्हणाला. पण आधी विचारत होता, हे बाबा खरंच म्हणाले होते, का गाणाऱ्यांनी घातलंय. मी म्हटलं, तुझ्या बहिणीला विचार. लिहायला तीच बसायची.”

“तू काहीच सांगितलं नाहीस?”

“मी काय सांगू? मी चुलीपाशी होते. तू होतीस ना तिथं?”

“होते.”

“मग झालं.”

बाईंनी फोन ठेवला. आईचा शेवटचा शब्द त्यांच्या कानात अडकला होता. गाणं संपलं की मास्तर टाचण्यांमधूनच म्हणायचे, “झालं.” मग मुलगी फूटपट्टी घ्यायची आणि खाली दोन रेघा मारायची. त्याशिवाय वही मिटायची परवानगी नव्हती.

आत येऊन त्यांनी वह्या मागितल्या. पहिल्या गाण्याखाली दोन रेघा. दुसऱ्याखाली दोन रेघा, एक जरा तिरकी. एक एक करून दहा गाणी तपासली, सगळ्यांखाली रेघा होत्या. या गाण्याखाली नव्हत्या. शेवटच्या ‘थांब’नंतर अर्धं पान कोरं होतं आणि पुढच्या पानावर कुणाच्या तरी पँटचं माप सुरू झालं होतं.

“म्हणजे गाणं अपुरं आहे?” लंबूनं विचारलं.

“म्हणजे ते थांब म्हणाले आणि मी थांबले. पुढं काही आलं नाही.”

“दोरा तुटला असेल.”

“असेल.”

बाईंनी आठवून बघितलं. मशीनचा आवाज बंद झालेला आठवला. पण तो त्या दिवशीचा होता की दुसऱ्या कुठल्या, हे त्यांना सांगता आलं नसतं. वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, कारण लिहिताना मान वर करायची नाही, हाही नियम होता.

“दोन्ही करून ठेवू,” गायिका म्हणाली. पावणेतीनपर्यंत गाणं दोनदा झालं, एकदा चारही ‘थांब’ घेऊन, एकदा एकही न घेता. दुसऱ्या खेपेला लंबूची बोटं सवयीनं दोनदा अडली. कुठलं ठेवायचं, हे बाईंनी सांगायचं होतं. प्रूफ पाच वाजता छापायला जाणार होतं.

बाईंनी पहिल्या तीन ‘थांब’वर काट मारली. चौथ्यापाशी समासात प्रश्नचिन्ह केलं. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ लेखकाला विचारा, असा असतो.

चार वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला. बाईंनी तो वाजू दिला. साडेचारला पुन्हा आला, तेव्हा घेतला.

“आईनं सांगितलं असेल तुला,” दादा म्हणाला. “मला फक्त एवढंच विचारायचंय.”

“बोल.”

त्यानं विचारलं. वही बाईंसमोर उघडीच होती.

पाच वाजता छापखान्याचा माणूस प्रूफ न्यायला आला, तेव्हा फोन अजून चालू होता. कागदावर तीन शब्दांवर काट होती आणि चौथ्यापाशी प्रश्नचिन्ह तसंच.