वेदश्रीचा एकच शब्द

नात दीड वर्षाची झाली तरी एकच शब्द बोलायची, 'रा'. आमच्या वडनेरात रा म्हणजे थांब, जाऊ नको. माझी सून हर्षा आदिलाबादची, तिच्या तेलुगूत रा म्हणजे ये. माझा लेक धनंजय गेला तेव्हा ही पोरगी पोटात होती. आता पितरपाठ, म्हणजे पितरांचा पंधरवडा, आटोपला की हर्षाचा भाऊ दोघींना कायमचं माहेरी न्यायला येणार होता, म्हणून मला त्या एवढ्याशा शब्दाचाही आधार वाटायचा.

"पाह्य, पोरगीच राहाले म्हनते," मी म्हणायची.

"तुमाले सोयीचं तेच ऐकू येते, अत्तम्मा. ते बोलावून राह्यली."

"कोनाले?"

हर्षा घागर उचलून नळावर निघायची.

हीच शिकवत असेल, असा मला संशय. मी नजर ठेवली. हर्षा नळावर गेली की वेदश्री रिकाम्या ओसरीकडे पाहून रा म्हणायची, आणि मग चटईवर सरकून शेजारी मोठ्या माणसापुरती जागा करायची. शिकवलेलं पोर असं करत नाही.

धनंजयच्या तिथीला दोन घरं पलीकडच्या तानबाला पित्तर म्हणून आवतन दिलं. पित्तराला गेलेल्याच्या जागी बसवायचं, पाय धुवायचे, पोटभर वाढायचं, मग विडा देऊन वाटेला लावायचं. निघालेल्याला कोणी थांबवायचं नाही, एवढा एकच नेम.

"काकू, वडे हात राखून नोका वाढू," पाय धुताना तानबा हसला, "मेलेल्या मानसाले लय भूक राह्यते!"

पाटावर बसल्यावर मात्र त्या बडबड्या माणसानं तोंडातून अक्षर काढलं नाही.

विडा घेऊन तो उंबऱ्याशी पोचला, तोच वेदश्रीनं त्याचं धोतर धरलं. "रा."

राहा की ये, आम्ही दोघींनीही विचारलं नाही. तानबा माघारी फिरला, चटईवर तिच्याशेजारी बसला आणि कोपऱ्यातल्या भरलेल्या बॅगेकडे पाहून म्हणाला, "हर्षू, बॅग आत ठेव."

त्या नावानं तिला फक्त धनंजय बोलवायचा, तेही दार लोटल्यावर. हर्षानं बॅग आत नेली. मला हवं होतं तेच झालं, आणि तरी मला तानबाकडे पाहवेना.

ऊन उतरताना तानबाची बायको दारात आली. "चला ना आता घरी! का इथंच घरजावई झाले?"

तानबा उठून उभा राहिला. तिच्याकडे पाहून अदबीनं म्हणाला, "वहिनी, तानबा इकडं नाई आला."