अजून एकदा

कावेरी वाकली, जमिनीवरची बादली उचलून सरळ झाली आणि तिच्या छातीतली धडधड पुन्हा सुरू झाली. ईसीजीच्या कागदावर रेघा दाटीवाटीने उमटू लागल्या.

"बघा," डॉ. सदाशिव आपल्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले. "हृदयात विजेला जास्तीची वाट आहे. मुंबईत पायाच्या शिरेतून तार आत नेऊन आपण तीच जाळणार. पण तिथेही धडधड आधी अशी मुद्दाम आणावी लागते, नाहीतर वाट सापडत नाही."

मग कावेरीने सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून जोर लावला. धडधड थांबली. हे सगळं तिच्याकडून आधी सरांनी करून घेतलं होतं, मग तुषारने, आता अश्विनीने.

"झालं का साहेब?" कावेरीने घाम पुसत विचारलं.

तेवढ्यात तिसरा विद्यार्थी सुकदेव तोंड पुसत आत आला. तो चहाला गेला होता.

"अजून एकदा, बाई," सर म्हणाले.

कावेरी नंदुरबारकडची, सिल्वासाजवळ गलोंड्याच्या सूत कारखान्यात कामाला. धडधड सुरू झाली की मुकादम तिला घरी पाठवायचा. सिल्वासाच्या शिबिरात असा पेशंट मिळाला म्हणून सर खुशीत होते. ते शिकवायला लागले की त्यांना कशाचंच भान राहत नाही, असं विद्यार्थी कौतुकाने सांगत. मुंबईला यायची तारीख त्यांनी तिला जाता जाता सांगितली.

ती आलीच नाही. पुढच्या शिबिरात मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. डोळे खोल गेलेले, चेहरा हसरा.

"मुंबईला का नाही आलात?"

"कशाला साहेब? तुम्ही शिकवला तो इलाज रोज करते ना. डूटीवर जायच्या आधी बादली उचलते, धडधड आणते, श्वास धरून घालवते. चार डाव. कधी लवकर जात नाही, परवा मशीनपाशी चक्कर आली. पण खाडा नाही केला."

"चारदा?" अश्विनीने हळूच विचारलं.

"तीन डाव झाल्यावर मी विचारलं होतं ना, झालं का म्हणून. साहेबच बोलले, अजून एकदा."

तुषार खिडकीबाहेर बघू लागला. सदाशिवांचे कान तापले. इतकी वर्षं शिकवण्याचा त्यांना अभिमान होता, आणि आता समोरच्या बाईकडे मान वर करून बघवेना.

"तो इलाज नव्हता, कावेरीबाई," ते म्हणाले. "त्याने तुमचा त्रास वाढला. आजपासून बंद करा."

"मग काय होतं ते?"

"ही मुलं शिकत होती. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी."

कावेरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मुंबईला पण मुद्दाम आणणार?"

"आणावी लागेल. त्याशिवाय वाट सापडणार नाही. पण एकदा जाळली की हा त्रास बहुतेक कायमचा जाईल."

"आणि हे तिघं पण असणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

कावेरीने तिघांकडे पाहिलं. शेवटी तिची नजर सुकदेववर थांबली, तशी त्याने मान खाली घातली.

"असू द्या," ती म्हणाली. "फक्त या साहेबांना चहा आधी पिऊन यायला सांगा."